पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं नव्हे



29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान आले, वर्तमानपत्रांत फोटो झळकले. त्या दिवशी आपला नंदुरबार जिल्हा संगणकाच्या जगात शिरला, पण शिरला तो नोंद होऊन. बोट आपलं, ठसा आपला. ही व्यवस्था मोठ्या प्रमाणात उभी राहिली ती लिनक्स, हडूप, मायएसक्यूएल अशा मुक्त सॉफ्टवेअरवर. अशी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाच्या समोर बहुतेक वेळा रंगीत चित्रं नसतात. काळा पडदा असतो, त्यावर लुकलुकणारा कर्सर असतो आणि तो माणूस टाइप करून हुकूम सोडत असतो. आपल्या पोरापोरींनी त्याच्या खुर्चीत कसं बसायचं, एवढाच आजचा विषय.

आपल्याकडे संगणक शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी. या कोर्सनं खेडोपाडी माऊस पोचवला, हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. पण कोणतं बटण कुठे आहे हे पाठ केलेला विद्यार्थी, नवी आवृत्ती आली आणि बटण हललं, की अडून बसतो. टाइप करायच्या आज्ञांचं तसं नाही. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हाच्या कितीतरी आज्ञा आजही त्याच नावांनी चालतात. नावं आखूड का, तर तेव्हा पडदाच नव्हता. टेलिटाइप नावाचं खडखडणारं यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर छापायचं. म्हणून ‘लिस्ट’चं ‘एलएस’ झालं, ‘कॉपी’चं ‘सीपी’ आणि ‘रिमूव्ह’चं ‘आरएम’. त्याच काटकसरीतून दुसरी एक सवय आली: काम नीट झालं की यंत्र काहीच बोलत नाही. नवशिक्याला या गप्प बसण्याचीच भीती वाटते. तो तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत राहतो. ‘अभिनंदन’ म्हणणाऱ्या खिडक्यांची आपल्याला फार सवय झाली आहे, दुसरं काय!

आत्मविश्वास येतो कुठून? माझ्या मते पाठांतरातून नाही, आपण कुठे उभे आहोत हे कळण्यातून. त्यासाठीची आज्ञा आहे ‘पीडब्ल्यूडी’. हसू नका, बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही या क्षणी कोणत्या फोल्डरमध्ये आहात, ते ती सांगते. मग ‘एलएस’ म्हणजे इथे काय काय आहे, आणि ‘सीडी’ म्हणजे तिकडे चला. पहिला आठवडा या तिघींवरच काढावा. मग यंत्राच्या तक्रारी वाचायला शिकावं. ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं तर बहुधा स्पेलिंग चुकलं आहे, नाहीतर तो प्रोग्राम बसवलेलाच नाही. ‘नो सच फाइल’ आलं तर फाइल दुसरीकडे आहे, म्हणजे पुन्हा पीडब्ल्यूडी. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे तुम्हाला तो अधिकार नाही. तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं. घाबरलेला माणूस मात्र तिन्हींचा एकच अर्थ लावतो: आपल्याला जमत नाही.

खरी भीती बाळगावी ती ‘आरएम’ची. इथे कचरापेटी नाही, गेलं ते गेलं. जुन्या फाइली पुसताना तारांकन आणि नावाच्या शेपटीमध्ये चुकून एक स्पेस पडली, तर त्या फोल्डरमधल्या साऱ्याच फाइली जातात. म्हणून पुसण्याआधी तेच नाव ‘एलएस’ला देऊन बघावं. जी यादी दिसेल तीच पुसली जाणार. आणि चालू काम थांबवायचं तर कंट्रोल-सी. ऑफिसात हे बटण कॉपी करतं, इथे ते ब्रेक लावतं.

आता आपल्या बाजारात येऊ. मिरचीसाठी नंदुरबारचं नाव आहेच. समजा, वर्षभराच्या बाजारभावांची एक फाइल तुमच्याकडे आहे, ओळी हजारो. ‘ग्रेप’ मिरचीच्या ओळी वेगळ्या काढतं, ‘सॉर्ट’ त्या भावाप्रमाणे लावतं, ‘टेल’ शेवटच्या दहा दाखवतं. मध्ये उभ्या रेघा द्यायच्या, की एकाचं उत्तर पुढच्याच्या हातात जातं. या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. बेल लॅब्समधल्याच डग मॅकइलरॉय यांनी 1964 सालीच सुचवलं होतं, की बागेतल्या नळीला जसा तुकडा जोडतो तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. थॉम्प्सननी ते 1973 मध्ये करून दाखवलं. एक खाच मात्र आहे. ‘सॉर्ट’ला ‘-एन’ जोडलं नाही, तर ते आकड्यांना अक्षरं समजतं आणि 12000 हे 9500 च्या आधी लावतं, कारण एक नवाच्या आधी येतो. यंत्र यावर तक्रार करत नाही. उत्तराकडे शंकेनं बघायचं काम आपलं.

आमच्याकडे संगणकच नाही, असं कुणी म्हणेल. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं मोफत ॲप चालतं, त्यात हे बहुतेक सगळं होतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज नसते, हेही खरं. पण दूरच्या सर्व्हरशी नुसत्या अक्षरांत बोलायला फार कमी डेटा लागतो, आणि तिथल्या ‘टीमक्स’ नावाच्या प्रोग्राममध्ये काम सुरू केलं असेल, तर रेंज गेली तरी ते तिकडे चालू राहतं. शिकवणारं कुणी नसेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. धडा साधारण दहा मिनिटांचा. व्हिडिओ थांबवायचा, शेजारी स्वतः करून बघायचं, मग पुढे जायचं. आणि इंग्रजीचा बाऊ कशाला? जो माणूस घरी भिली किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलतो, त्याला पंचवीस-तीस आखूड शब्द जड जाणार नाहीत.

शेवटी एक गंमत. ‘इको’ने नंदुरबार हे नाव छापा आणि पाइपमधून ‘डब्ल्यूसी’कडे पाठवा. ‘-एम’ लावून अक्षरं मोजली तर उत्तर येतं 9, ‘-सी’ लावून बाइट मोजले तर 25. अनुस्वार, उकार आणि काना धरून आपली चिन्हं आठच. प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, कारण यूटीएफ-8 ही पद्धत तशी आहे. तीही याच थॉम्प्सननी रॉब पाइक यांच्यासोबत 1992 साली एका खाणावळीत बसून आखली. आठ त्रिक चोवीस. उरलेला एक बाइट ओळ संपल्याचा. ‘इको’ला ‘-एन’ जोडा, तो जातो. प्रोजेक्टर सुरूच आहे, ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी पुढे यावं.