पडदा घेताना

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावात सोयाबीनचे पैसे हाती आले, की आता पोरं लॅपटॉप मागतात. एकाला खेळायचं असतं, दुसऱ्याला लग्नाचे अल्बम अन् व्हिडिओ करून पोट भरायचं असतं. दुकानात मात्र दोघांनाही '१४४ हर्ट्झ' हाच आकडा ऐकवला जातो.

हा आकडा वेगाचा. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, हा १४४ वेळा. धावपळीच्या खेळात त्याचा उपयोग होतो. अल्बममधला फोटो जागचा हलत नाही. तिथं रंग खरा हवा. म्हणून विचारायचं, 'एसआरजीबी किती टक्के?' उत्तर शंभराच्या जवळ हवं. पुष्कळ स्वस्त पडद्यांच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असतं. म्हणजे एसआरजीबीचे साठ-पासष्ट टक्केच. असा पडदा लाल रंग फिका दाखवतो. पोरगा तो गडद करतो, अन् छापून आल्यावर नवरीचा शालू भडक दिसतो. अल्बम परत येतो, मजुरी बुडते.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्यानं उंची पाहावी. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० घेतला, तर कवितेच्या दोन-चार ओळी जास्त मावतात.

वेग आणि रंग दोन्ही असलेले पडदे मिळतात, पण महाग. पैसे मोजके असतील तर ज्यावर घर चालणार, ते आधी बघा. दुकानात जाताना चांगल्या लॅबमध्ये छापलेला एक फोटो आणि पेनड्राइव्हवर त्याची मूळ फाइल न्या. दोन्ही शेजारी धरून पाहा, मगच पैसे मोजा.