उद्याची गोष्ट, कालची फीत



आपल्या शाळेच्या रौप्यमहोत्सवात मुलांनी चंद्रावरील वसाहतीचे नाटक सादर केले होते. हीरकमहोत्सवानिमित्त त्याची व्हीएचएस फीत कपाटातून काढली, तेव्हा तिला बुरशी लागलेली दिसली. भविष्याची कथा सांगणारी फीत ३५ वर्षांतच मुकी झाली. ते नाटक बसवणाऱ्या बाई आज हयात नाहीत; त्यांचा आवाज त्या फितीतच आहे. कपाटाची किल्ली इतकी वर्षे माझ्याकडेच होती, हेही मी नम्रपणे कबूल करते.

फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ सालचा जर्मन विज्ञानपट. भविष्यातील महानगराची ही कथा पहिल्या प्रदर्शनानंतर कापली गेली आणि वगळलेली दृश्ये हरवली. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक नक्कल मिळाली आणि सुमारे २५ मिनिटांचा भाग परत आला. मूळ प्रत न पुसताच नक्कल काढल्यामुळे तिचे ओरखडेही त्या दृश्यांवर कायमचे उमटले आहेत. नक्कल काढणे आवश्यक असते, तितकीच ती काळजीपूर्वक काढणेही आवश्यक असते.

आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षीचा, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजही पाहता येतो. आपल्या लखनौच्या शेजारच्या नगरीची ती मराठी कथा जतन झाली, हे आपले भाग्य.

आज फीत संगणकावर उतरवता येते. एमपी४ फाईल लहान व्हावी म्हणून तिच्यातून सहसा काही तपशील कायमचा गाळला जातो. पाहण्यास ती सोयीची. जतनासाठी एफएफव्ही१ ही काहीही न गमावता संक्षेप करणारी पद्धत आणि मॅट्रोस्का ही फाईल अनेक संग्रहालये वापरतात. दोन्हींची रचना सर्वांसाठी खुली आहे. त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली, तरी चित्रण अडकून पडत नाही.

तथापि कोणतेही साधन अमर नाही. म्हणून तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. यापुढे दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात शाळा या प्रती उघडून तपासील.

आपणांस एकच विनंती. त्या नाटकाची प्रत काही पालकांनी तेव्हा करून घेतली होती. घरी शोधावी. बुरशी दिसल्यास फीत यंत्रात घालू नये. तशीच आमच्याकडे द्यावी. जाणकारांकडून ती उतरवून घेऊन आम्ही परत करू. आपले ब्युनोस आयर्स कदाचित आपल्यापैकीच कुणाच्या माळ्यावर असेल.