निकालाची खिडकी आणि संगणकाची भाषा



१६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां महाराष्ट्रांत दहावीचा निकाल जाहीर झाला, आणि निकालाचीं संकेतस्थळें कित्येक तास उघडेनात. विद्यार्थी पंधरा लाखांवर. एक वाजण्याची वाट सारींच घरें पाहत होतीं. आमच्या देवरी-सालेकशाकडील जंगलपट्टींत, जेथें मोबाइलची रेंज जाऊनयेऊन असते, तेथें पुन्हा पुन्हा प्रयत्न करणें काय असतें हें शहरांतील श्रोत्यांनीं कल्पनेनेंच जाणावें.

अशा वेळीं विचारलें जातें कीं, संगणकास काम सांगणारी आज्ञावली दुसऱ्या भाषेंत लिहिली असती, तर स्थळ टिकलें असतें काय?

तहसील कचेरीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. कारकुनानें अर्ज घेतला, शिपायास दप्तरखान्यांत पाठविलें, आणि तो परत येईपर्यंत स्वतः स्वस्थ बसला, तर रांग वाढते. दरम्यान पुढचे अर्ज घेतले, तर एकाच खिडकीवर पुष्कळांचें काम निघतें. (दोन्ही प्रकारचे कारकून आपण पाहिले आहेत.) अशा स्थळांवर संगणकाचा पुष्कळसा वेळ दप्तराची वाट पाहण्यांतच जातो. कांहीं भाषांच्या अंगीं दुसरी रीत उपजत असते. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत टेलिफोन केंद्रांसाठीं १९८६ च्या सुमारास जन्मलेली अर्लांग ही तशी भाषा. तिच्या बळावर व्हॉट्सॲपनें २०१२ सालीं एकाच यंत्रावर वीस लाख जोडण्या पेलल्या.

तथापि निकालाच्या दिवशीं भाषेचें महत्त्व फार आहे, असें मला वाटत नाहीं. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया पीएचपी या, लिहावयास सोप्या परंतु चालीनें मंद समजल्या जाणाऱ्या भाषेवर चालतो. तिचा मंदपणा वाचकाच्या आड येत नाहीं, कारण एकदां तयार झालेलें पान पुढील वाचकांस जसेंच्या तसें दिलें जातें. गुणपत्रक तर जाहीर होतांना ठरलेलेंच असतें. तीं पानें आदल्या रात्रीं तयार करून निरनिराळ्या यंत्रांवर ठेवितां येतात. उलट, प्रत्येकानें एकाच दप्तरांतून नक्कल मागावयाची असेल, तर अर्लांगही दारापाशीं खोळंबेल.

प्रवेशाची गोष्ट निराळी. २०२५ सालीं अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यांत, म्हणजे गोंदियांतही, संकेतस्थळावरून होऊं लागला. २१ मे रोजीं, नोंदणीच्या पहिल्याच दिवशीं, तें स्थळ बसलें आणि नोंदणी २६ मे पर्यंत पुढें ढकलावी लागली. येथें पानें आधीं मांडून ठेवितां येत नाहींत. प्रत्येक मूल आपला पसंतीक्रम लिहितें, आणि तो त्याच क्षणीं दप्तरांत चढावा लागतो. कारकून बसून राहणारा कीं पुढचा अर्ज घेणारा, हा प्रश्न तेथें खरोखर उभा राहतो. आणि दप्तरखान्याला दारें किती, हा त्याच्याही आधीं.