शेपटीचा शोध

मोटारीला शेपटी असते हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. अमेरिकेत आयोवा राज्यात मुलीकडे गेलो होतो. जवळच नॉक्सव्हिल नावाचं गाव आहे. १९६१ साली सुरू झालेल्या ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ या स्प्रिंट कार शर्यतीनं त्याचं नाव झालं. मातीचा लंबगोल ट्रॅक, एका माणसापुरती उघड्या चाकांची गाडी. मागचा निमुळता भाग ती शेपटी. इंधनाची टाकी तिच्यातच.

मुलीच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे दिवंगत थोरले भाऊ साठच्या दशकात ज्या गाडीतून शर्यती खेळले, तिचा सांगाडा, नाक आणि बॉनेट यांनी जपलं होतं. शेपटी गायब! दुकानात मागायची सोय नाही, कारण तेव्हा कारागीर अशा मोजक्याच गाड्या हातानं पत्रा ठोकून बनवत. शिवाय शर्यतीची गाडी म्हणजे राबतं जनावर. आपटली की मोडका भाग फेकायचा, मिळेल तो लावायचा. पुढे चालकाभोवती लोखंडी पिंजरा आला, तेव्हा कित्येक जुन्या गाड्या कापल्या गेल्या.

सात वर्षं जुन्या सामानाचे बाजार धुंडाळल्यावर एका शेतकऱ्याच्या कोठारात शेपटी मिळाली, शोभेसाठी भिंतीला टांगलेली. लावून पाहिली तर दोन इंच रुंद. कापली असती तर बसली असती. पण ती दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची अस्सल शेपटी. त्यांचा हात धजेना. मला हे पटलं. हरवलेल्या ओळीच्या जागी दुसऱ्या कवीची ओळ छाटून बसवणं आम्हीही टाळतो. निदान उघडपणे तरी.

मग नवीच बनवायची ठरली. बाजूनं काढलेल्या जुन्या फोटोत दोन चाकांमधलं अंतर मोजायचं, सांगाड्यावरच्या खऱ्या अंतराशी ताडायचं आणि शेपटीची मापं काढायची. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकताना कडक होतो, तडकतो. म्हणून त्यावर गॅसच्या ज्योतीची काजळी धरायची आणि ती जळून जाईपर्यंत पत्रा तापवायचा; तो पुन्हा मऊ होतो. माझे अब्बा कुर्ल्याला मोटारींचं डेंटिंग करत. ‘पत्र्याला दम खाऊ द्यावा,’ म्हणायचे. त्या परक्या गॅरेजात हातोडीचा आवाज तोच होता.

नव्या शेपटीच्या आतून त्यांनी बनवल्याचं साल ठोकलं आहे, उद्या कुणी फसू नये म्हणून. रंग मात्र अजून ठरत नाही. फोटो काळेपांढरे. बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात नखाएवढी लाल कपची सापडली आहे. तिच्याशी रंग जुळवणं चालू आहे.