भुयाराचें दुसरें तोंड

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत कंधार, औसा, उदगीर असे जुने किल्ले आहेत. आणि किल्ला म्हटला कीं त्याच्या पोटीं भुयाराची गोष्ट आलीच. कोणी सांगतो, त्यांतून घोडेस्वार जात असे. कोणी सांगतो, त्याचें दुसरें तोंड दहा कोसांवरील देवळांत निघतें. ऐकणारा त्याची शहानिशा करावयास जात नाहीं. परंतु दुसरें तोंड कोठें, एवढें तो हटकून विचारतो. सांगणाऱ्यानें कोठलें तरी गांव सांगितलें तरी त्याचें समाधान होतें. तोंडच नाहीं असें म्हटलें, तर मात्र तो उठून जातो.

अद्भुत रहस्यकादंबरी हातीं घेणारा वाचक याच जातीचा होय. अशी एखादी कादंबरी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. पडक्या गढींत तेलावांचून जळणारा एक दिवा आहे. आंतून कडी लावलेल्या खोलींतून गढीचा कारभारी नाहींसा झाला आहे. दर अमावास्येस ओसरीवर ओलीं पावलें उमटतात. लातूरच्या एका घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर हें पुस्तक उघडलें जातें. गृहस्थ वाचतां वाचतां मनाशीं टांचणें करीत जातो. पावलें ओलीं, तेव्हां विहीर जवळ असली पाहिजे; किल्ली पुतण्यापाशीं, तेव्हां त्याचें म्हणणें खोटें. तीनशें पानें असा हिशेब जमत जातो, आणि शेवटच्या प्रकरणांत, ज्याचें नांवहि पूर्वीं आलें नव्हतें असा एक सिद्धपुरुष अवतरतो, मंत्र म्हणतो, आणि कारभारी समोर उभा राहतो. विहीर, किल्ली, पुतण्या, सारें वायां गेलें.

गृहस्थ पुस्तक आपटतो, तेव्हां घरांत हंसें पिकतें. "अण्णा, तेलावांचून दिवा जळला तो तुम्हांला चालला, मग मंत्रानेंच काय घोडें मारलें?" असें थोरला मुलगा विचारतो. प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाहीं. दिवा पहिल्या प्रकरणांत होता; त्या जगाचा तो कायदा म्हणून वाचकानें तो मान्य केला. मंत्र शेवटीं निघाला. पट संपत आल्यावर एका खेळाडूनें सोंगट्यांचा नियम बदलावा, त्यांतला हा प्रकार.

मराठी कादंबरीस अद्भुताचें वावडें कधींच नव्हतें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. आपल्या लोकांचें नित्याचें जीवन इतकें नीरस कीं मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताकडेच वळावें लागतें, अशा आशयाची कबुली रिसबुडांनीं प्रस्तावनेंतच दिली. त्यांच्या ग्रंथांत विमान उडतें म्हणून त्यांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांनीं नवल दाखवावयाचें कबूल केलें होतें, कोडें घातलें नव्हतें.

कोडें घालणाऱ्याची जबाबदारी निराळी. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२९ सालीं रहस्यकथेस दहा नियम घालून दिले. त्यांत अमानुष शक्तीला मज्जाव आहे, आणि गुप्त मार्ग एकापेक्षां अधिक नसावा असेंहि बजावलें आहे. हा दुसरा नियम कंधारकरांस खासच जाचक वाटेल! पहिलाहि येथें जसाच्या तसा मानण्याचें कारण नाहीं. 'वेताळपंचविशी'त प्रेत बोलतें. पण राजानें मौन सोडलें कीं वेताळ झाडावर परत, आणि उत्तर ठाऊक असूनहि मौन धरलें तर मस्तकाचीं शकलें, हा करार आरंभींच ठरलेला आहे. राजा निवाडा करतो तो सांगितलेल्या गोष्टींतून. वेताळ त्याच्यापासून कांहीं लपवीत नाहीं.

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि वरचें शिक्षण उर्दूंतून होत असे. त्या काळीं शिकलेल्यांस 'तिलिस्म-ए-होशरुबा' परकी नव्हती. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानें १८८३ पासून काढलेल्या या अवाढव्य ग्रंथांत जादूला सीमा म्हणून नाहीं. तरी तिलिस्म फोडावयाची एक 'लौह', म्हणजे लेख कोरलेली पाटी, असते, आणि ती मिळाल्यावांचून तिलिस्म फुटत नाहीं. मायावी नगरीलाहि किल्ली असावी लागते, हें दास्तान सांगणारे पक्कें जाणून होते. लातूरच्या त्या गृहस्थाचें मागणें याहून अधिक नव्हतें.

नांदेडांत आयुष्यभर अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर यांनीं 'धार आणि काठ' या १९७१ सालच्या ग्रंथांत मराठी कादंबरीच्या वाटचालीचा परामर्श घेतला. कादंबरीचा निवाडा पुण्यामुंबईबाहेर बसूनहि करतां येतो, हें त्यांनीं दाखविलें. तथापि गढी, दिवा आणि अमावास्या असलेलें पुस्तक टीकाकारांच्या मेजावर सहसा जात नाहीं. 'करमणुकीचें आहे, चालावयाचेंच' असें म्हणून तें सोडून दिलें जातें. आणि करमणुकीपुरतेंच तें घेणाऱ्या माणसाची फसगत झाली, तर त्यास दाद मागावयास जागा उरत नाहीं.

गृहस्थ आठवडाभरानें पुस्तक वाचनालयांत परत करतो. ग्रंथपाल वहींत नोंद करतां करतां "कसें होतें?" म्हणून विचारतात.

"दिवा चांगला होता," एवढेंच तो सांगतो, आणि दुसरें पुस्तक पाहण्यास कपाटाकडे वळतो.