तलावाचे पाणी आणि कामगाराची भाकर



मेलबर्नच्या पश्चिमेकडील ब्रिमबँक नगरपालिकेने जुने जलतरण केंद्र पाडून २०२२ साली संपूर्ण विजेवर चालणारे केंद्र उभारले. तेथे पाणी तापवायला गॅस जाळीत नाहीत. उष्णता-पंप हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो. एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिटांची ऊब मिळते. वीज सूर्याची, वाऱ्याची असली, की धूरही टळतो.

पण बॉयलरवरच्या कामगाराने काय करावे? तीस वर्षांपूर्वी आमच्या गिरणीत नवी यंत्रे आली, तेव्हा आम्ही नुसते ‘नको’ म्हणालो. यंत्रे आलीच, माणसे गेली. आज मी म्हणतो, यंत्र जरूर आणा. पण आधी त्या कामगाराला ते शिकवा, पगार न कापता. बॉयलर भंगारात जावा, माणूस नव्हे!