संगणकाच्या आवाजातील खरखर : शोध व उपाय



संगणकावरून कविता ऐकविली जात असता स्पीकर खरखरू लागला, तर मागच्या ओळीतील बालकास ‘श’ व ‘स’ यांतील भेद उमगत नाही. श्रवणपाठाचा हेतूच तेथे विफल होतो. म्हणून दोषाचे मूळ क्रमाक्रमाने शोधावे.

प्रथम आवाज कमी करून संगणकाकडून आलेली तार स्पीकरच्या बाजूने काढावी व आवाज पुन्हा वाढवावा. खरखर तशीच राहिली, तर दोष स्पीकरचा वा त्याच्या वीजपुरवठ्याचा समजावा. थांबली, तर तार व संगणक तपासावेत. तार हलविताच खरखर होत असेल, तर ती बदलावी.

संथ घुमणारा आवाज बहुधा विजेचा असतो. आपल्याकडील विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात. त्यांचेच गुंजन तारेत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ते थांबले, तर पाठ बॅटरीवर चालवावा, अथवा दोन्ही उपकरणांस एकाच बोर्डावरून वीज द्यावी. मात्र गुंजन घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कदापि काढू नये. तीवर बालकांच्या जीविताचे रक्षण अवलंबून असते.

सूं-सूं असा आवाज येत असल्यास संगणकाचा आवाज वाढवून स्पीकरचा उतरवावा. वापरात नसलेला मायक्रोफोन बंद ठेवावा.

एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर खरे कारण हाती लागत नाही. शेवटी शिक्षकांनी मागच्या ओळीत बसून स्वतः ऐकावे व मगच पाठ आरंभावा.